साथ आली, गाठ राहिली
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आयाबायांनो, तुम्ही मागे का बसला? पुढे सरका. आजचा विषय तुमच्या फार जवळचा आहे.

कोरोनाची साथ आपण सर्वांनी पाहिली. २०२० साल कोणी विसरणार नाही. त्या साथीत कोण गेले, कोण वाचले, याच्या गोष्टी घरोघर आहेत. त्या आज आम्ही सांगणार नाही. आज निराळीच गोष्ट सांगायची आहे. साथ चालू होती, तेव्हा बाकीची दुखणी काय करीत होती? ती काही दार लावून घरात बसली नव्हती. कर्करोग, म्हणजे आपण ज्याला कॅन्सर म्हणतो, तो तर मुळीच थांबला नाही. साथीमुळे त्याच्या रोग्यांचे काय झाले, ते पाहू.

आधी गाठीची गोष्ट ऐका. आपल्या आजा-पणजांच्या तोंडी प्लेगची आठवण असे. १८९६ साली प्लेग मुंबईत आला आणि तेथून गावोगाव पसरला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. प्लेगलाही गाठ येई, काखेत नाहीतर जांघेत. ती गाठ ठणकायची. ताप भडकायचा. चार-पाच दिवसांत माणूस आर नाहीतर पार. म्हणून गाठ म्हटले की लोकांच्या काळजात धस्स होई.

कॅन्सरची गाठ तशी नसते. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. ताप येत नाही. बाई रानात जाते, भाकरी थापते, धुणे धुते. गाठ आपली जागच्या जागी वाढते. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी, मग लिंबाएवढी. दुखत नाही म्हणून माणूस म्हणतो, "बघू पुढं." हे "बघू पुढं" एरवीही आपल्याला महाग पडते. साथीच्या दिवसांत त्याला आणखी एक निमित्त मिळाले.

आमच्या माहितीतील एक बाई. नाव-गाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. २०२० ची संक्रांत झाली आणि एक दिवस न्हाताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. तिने थोरल्या जावेला सांगितले. जाऊ म्हणाली, "अगं, ज्वारीची काढणी होऊ दे, मग दोघी मिळून जाऊ." बोलण्यात वाईट काही नव्हते. काढणीच्या दिवसांत घरातली बाई हलली तर कसे चालेल? काढणी झाली, मळणी झाली, मार्च सरत आला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. एस.टी. बंद, वडाप बंद. पुष्कळ गावांनी तर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला. बाहेरचा आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये!

मे महिन्यात तिला गाठ मोठी वाटू लागली. नवऱ्याने मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या एका दवाखान्यात नेले. दारातल्या माणसाने लांबूनच विचारले, "ताप आहे? खोकला आहे?" दोन्ही नव्हते. "मग कशाला आलात? तातडीचं असेल तरच आत सोडतो. महिन्यानं या." आता गाठ तातडीची आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? ते डॉक्टरने हात लावून ठरवायचे असते. येथे ते दारवानाने ठरवले. बाई घरी आली. तिलाही मनातून बरेच वाटले असेल, कारण आत जायची तिला भीती वाटत होती. खुर्चीवर कोण बसून गेले असेल, कोणाचा श्वास लागेल, असे त्या दिवसांत सगळ्यांनाच वाटे.

मग पावसाळा, मग पेरणी. दिवाळी आली तेव्हा स्तनाची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेतही गाठ लागत होती. तेव्हा घरचे हलले. सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, तिसऱ्या पायरीचा.

पायरी म्हणजे काय, ते सांगतो. विहिरीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पायरीवर पाय घसरला तर माणूस हात धरून वर येतो. खाली खाली जावे तसे वर काढायला दोर लागतो, चार माणसे लागतात, आणि तरी खात्री नसते. कर्करोगाच्या डॉक्टरांनी अशा चार पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीवर गाठ लहान आणि एका जागी असते. चौथ्या पायरीवर रोग लांबच्या अवयवांत, जसे यकृत, फुप्फुस, हाडे, येथे पोचलेला असतो. या बाईची गाठ संक्रांतीला कोणत्या पायरीवर होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण संक्रांत ते दिवाळी हे दहा महिने गाठीला रान मोकळे मिळाले. लहान गाठ असती तर पुष्कळदा नुसती गाठ काढून आणि किरणांचा उपचार देऊन भागते. हिला आधी किमोची औषधे घ्यावी लागली, मग स्तन काढावा लागला, मग किरण. बाई आज आहे. शेतावरही जाते. पण डावा हात सुजतो, डोक्यावर भारा घेता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एका बाईची गोष्ट सांगून काय उपयोग? बरोबर आहे. म्हणून फळ्यावर आकडे लिहिले आहेत. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. वाचा.

आपल्या देशात कर्करोगाच्या इस्पितळांचे एक मंडळ आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड. त्यातील ४१ इस्पितळांनी आपापल्या वह्या तपासल्या आणि २०२१ साली हिशेब छापला. १ मार्च ते ३१ मे २०१९ या तीन महिन्यांत त्या इस्पितळांत १,१२,२७० नवे रोगी आले होते. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, त्याच तीन महिन्यांत आले ५१,७६०. करा वजाबाकी. किती? साठ हजार पाचशे दहा. निम्म्याहून अधिक माणसे आलीच नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया आदल्या वर्षी १७,१२० झाल्या होत्या, त्या ८,६७७ वर आल्या. तपासणीसाठी काढलेले तुकडे, रक्त, फोटो, हेही सगळे घटले. किरणांचा उपचार, ज्याला आपल्याकडे शेक देणे किंवा लाइट देणे म्हणतात, तो त्या मानाने कमी घटला. ५१,१४२ रोग्यांचे ३९,३६५ झाले. किरणांचे शेक एकदा सुरू केले की मध्येच सोडून चालत नाही, हे डॉक्टर आणि रोगी दोघेही जाणून असतात.

ही साठ हजार माणसे कोठे गेली? बाजारात गुरे कमी आली म्हणून मुलखातली गुरे कमी झाली असे कोणी म्हणेल का? गुरे गोठ्यातच असतात. तसेच हे रोगी घरातच होते. कोणी गाठ पदराखाली झाकून बसली होती, कोणी तोंडातल्या जखमेला हळद लावीत होता. आणि हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत रोगी जास्त घटले. याचे कारण उघड आहे. मुंबईच्या इस्पितळात जाणारा रोगी मुंबईचाच थोडा असतो! तो येतो आपल्यासारख्या गावांतून, बिहार-बंगालमधून. गाडी बंद म्हणजे त्याचे औषध बंद. कर्करोगाच्या रोग्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते खरी, पण गाडीच सुटत नसेल तर सवलतीचा कागद काय कामाचा?

कायद्याने रोग्याला बंदी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. दवाखान्याला जाण्यास परवानगी होती. पण परवानगी कागदावर असते आणि माणूस रस्त्यावर असतो. महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याचा पास २०२० च्या सप्टेंबरपर्यंत लागत होता. तो मोबाइलवर भरायचा. ज्याला सही येत नाही त्याने तो कसा भरावा? खाजगी गाडी करावी तर भाडे दुप्पट-तिप्पट. आणि सर्वांत मोठी अडचण आपणच घातलेली. मुंबई-पुण्याहून जो येईल त्याला गावाच्या शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवायचे, असा नेम होता. साथीसाठी तो नेम योग्यच होता. पण किमोसाठी दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाणाऱ्या रोग्याने काय करावे? चौदा दिवस शाळेत आणि सात दिवस घरी? शिवाय लोक त्याच्या घरावरून जाताना तोंड फिरवीत. आम्हाला तर वाटते, रस्त्यावरच्या पोलिसापेक्षा गावाच्या या नजरेनेच जास्त रोगी घरात बसवले.

टाळेबंदी चुकीची होती, असे आम्ही म्हणत नाही. नवा रोग होता, औषध नव्हते, लस नव्हती. आमचे म्हणणे एवढेच की, सगळी कामे सारख्याच मुदतीने पुढे ढकलता येत नाहीत. मोतीबिंदू दोन महिने थांबतो. लग्न वर्षभर थांबते. गाठ थांबत नाही. २०२० सालीच कॅनडातील डॉक्टरांनी जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून एक हिशेब मांडला. शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मरणाचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. पुष्कळ जातींच्या कॅन्सरला हे लागू आहे. चार आठवडे म्हणजे एक महिनासुद्धा नाही.

बरे, इस्पितळांच्या आत काय चालले होते? तेथेही काही सुख नव्हते. खाटा कोरोनाच्या रोग्यांना गेल्या. डॉक्टर-नर्स स्वतः आजारी पडत होत्या. रक्तदानाची शिबिरे थांबली, म्हणून रक्ताची टंचाई. आणि डॉक्टरांच्या मनात एक खरी भीती होती. किमोच्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदार झोपलेले असताना कोरोना आत शिरला तर? तेव्हा औषध द्यावे तर हा धोका, न द्यावे तर तो धोका. अशा पेचात कोणाला दोष देणे सोपे नाही.

मुंबईला परळमध्ये टाटा इस्पितळ आहे. ते १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी ठरवले की काम बंद करायचे नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदी अगदी कडक असताना, त्यांनी ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतला एकही रोगी दगावला नाही. सहा जणांना नंतर कोरोना निघाला, ते सहाही बरे झाले. हा अनुभव त्यांनी छापून जगापुढे ठेवला, म्हणजे इतरांचीही भीड चेपली. काळजी घेतली तर साथीतही शस्त्रक्रिया होते, हे त्यावरून दिसले. पण इस्पितळाचे दार उघडे असून काय? दारापर्यंत पोचायचे कसे, आणि पोचल्यावर राहायचे कोठे? टाटाच्या बाहेर पदपथावर राहणारे रोगी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. गाडगेबाबांनी अशाच रोग्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तेथे टाटाचे रोगी राहतात. बाबा शाळा शिकले नव्हते, पण खेड्यातल्या माणसाला शहरात औषधाआधी निवारा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

साथीने काही चांगल्या गोष्टीही शिकवल्या. एक सांगतो. इंग्लंडमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या बायांवर एक प्रयोग चालू होता. तीन आठवड्यांत १५ वेळा द्यायचे किरण एकाच आठवड्यात ५ वेळांत दिले तर चालते का? एप्रिल २०२० मध्ये उत्तर छापून आले की, चालते. साथीच्या दिवसांत पुष्कळ देशांच्या इस्पितळांनी ती रीत उचलली. प्रत्येक बाईला ती लागू पडतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतात. पण जिला लागू पडते तिचे शहरातले दोन आठवड्यांचे भाडे, जेवण आणि सोबतच्या माणसाची मजुरी वाचली. आपल्यासारख्यांना ही गोष्ट औषधाइतकीच मोलाची.

दुसरी गोष्ट फोनवरून डॉक्टरांचा सल्ला. सरकारने एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनी नावाची सोय सुरू केली. जुन्या रोग्याला औषध विचारायला ती चांगली. पण फोनला हात नसतात. गाठ चाचपायची तर डॉक्टरसमोरच गेले पाहिजे.

आता सर्वांत वाईट काय झाले ते सांगतो. रोग नसलेल्या माणसांची तपासणी बंद पडली. त्या ४१ इस्पितळांपैकी शंभरात सत्तराहून अधिक ठिकाणी ही तपासणी एकतर पूर्ण थांबली, नाहीतर पाव हिश्श्यावर आली. आपल्या आशाताई आणि नर्सबाई तेव्हा काय करीत होत्या? घरोघर ताप मोजीत होत्या. त्यांना दुसरे काही करायला सवडच नव्हती.

अशा तपासणीने काय साधते, ते शिकायला लांब जायला नको. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सरचे इस्पितळ आहे. १९८७ पासून तेथे खेड्यापाड्यांतील कॅन्सरची नोंद ठेवली जाते. खेड्यांसाठी अशी नोंद देशात पहिल्यांदा तेथेच सुरू झाली. नोंद घेणारी माणसे गावोगाव जात आणि जाता जाता लोकांना लक्षणे समजावून सांगत. एवढ्यानेही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया आधीच्या पायरीवर इस्पितळात येऊ लागल्या. पुढे टाटा आणि बार्शी यांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर, आज ज्याला धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायांवर मोठा अभ्यास केला. गर्भपिशवीच्या तोंडातला जंतू शोधणारी तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुढच्या आठ वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली छापून आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असेच काम झाले. तेथे दहावी शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी हातांनी चाचपून स्तन तपासले. पन्नाशीच्या पुढच्या बायांत मृत्यू शेकडा तीसच्या आसपास कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही, नुसते शिकवलेले हात! आम्ही जन्मभर शिकवण्याचाच धंदा केला, म्हणून हे वाचून आम्हाला फार आनंद झाला, हे कबूल करतो.

पुरुष मंडळी, तुम्ही हसू नका. तुमचीही पाळी आहे. साथीत तोंडाला फडके बांधायचे होते. ठीक. पण फडक्याआड तंबाखूची गोळी तशीच होती. दातांचे दवाखाने बंद, तोंड झाकलेले. गालाच्या आतला पांढरा चट्टा ना बायकोला दिसला, ना डॉक्टरला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कोठे मिळतात ते आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक! बायांची मिश्रीही त्याच तंबाखूची, बरं का.

मग लक्षात काय ठेवायचे? स्तनात किंवा काखेत गाठ, बोंडातून रक्त येणे, कातडी आत ओढली जाणे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये जाणे. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, लाल-पांढरा चट्टा, तोंड पुरते न उघडणे. गिळताना अडकणे. अशी प्रत्येक गोष्ट कॅन्सरच असते असे नाही. पुष्कळदा नसते. पण ती पाहून घ्यायला साथ, सण, काढणी, लग्न यांतले काहीही आडवे येऊ द्यायचे नाही. आणि तारीख लिहून ठेवा. तुम्हाला आता लिहिता येते. गाठ प्रथम हाताला लागली तो दिवस वहीत लिहा. डॉक्टर तोच प्रश्न आधी विचारतात, आणि "गेल्या पेरणीच्या सुमारास" या उत्तराने त्यांना नीट बोध होत नाही. केस पेपर, तुकड्याचा रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, सारे एका पिशवीत ठेवा. टाळेबंदीत ज्यांच्याजवळ कागद होते त्यांना जवळच्या इस्पितळात पुढचे औषध मिळणे सोपे गेले. ज्यांचे कागद मुंबईलाच राहिले ते अडकले.

पैशाची धास्तीही पुष्कळांना घरी बसवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. मे २०२० मध्ये, साथीमुळेच, ती योजना राज्यातल्या सर्वांना खुली झाली. योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र नावाचा मनुष्य बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटायचे. तसेच २०२५ च्या केंद्राच्या अंदाजपत्रकात जाहीर झाले आहे की, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसा येऊन किमो घेऊन संध्याकाळी घरी जाण्याची केंद्रे काढायची. आपल्या जिल्ह्यात ते केव्हा होते, याची चौकशी ग्रामसभेत करायला हरकत नाही. होते तसे काम पुन्हा मुंबईवरच अडून राहिले, तर पुढच्या साथीत तेच होणार.

गावालाही एक काम आहे. पुन्हा कधी वेस बंद करायची वेळ आली, तर गावात नेहमीच्या औषधाचे रोगी किती, कोणाला कोणत्या तारखेला कोठे जायचे, याची यादी आधी करायची. कॅन्सर, डायलिसिस, क्षय, बाळंतपण. त्यांच्यासाठी एक गाडी ठरवून ठेवायची. आणि इस्पितळातून आलेल्याला शाळेत ठेवण्याऐवजी त्याच्याच घरात वेगळी खोली कशी देता येईल, हे पाहायचे. सरपंच येथे बसले आहेत. ते मान हलवीत आहेत, म्हणजे ऐकले असे धरतो.

येत्या बुधवारी आपल्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या बाया-पुरुषांची तोंडाची तपासणी आहे, आणि बायांची स्तनाची व गर्भपिशवीच्या तोंडाचीही. तपासणारी नर्सबाई आहे, बायांसाठी आडोसा केलेला असतो. वेळ सकाळी दहा ते एक. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिली आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी जाताना आशाताईंच्या वहीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. अंगठा नको.